मोठ्या चणीच्या मांजराचं खाणं: पिशवीवर नक्की काय वाचायचं?

निशिगंधा
गेल्या वर्षी आमच्या घरी मेन कून जातीचं एक पिल्लू आलं. पूर्ण नाव घटोत्कच, हाकेला घटू. आला तेव्हा तीन महिन्यांचा होता, आता चौदा महिन्यांचा आहे. तो सोफ्यावर आडवा झाला की माणसांनी जमिनीवर बसायचं, असा अलिखित नियम झालाय. वजन ६.४ किलो. आठव्या महिन्यात नसबंदी झाली.

पिल्लांसाठीचं कोरडं खाणं अजून चालू आहे आणि वाडगा कधी रिकामा नसतो. परवा दुकानात नवी पिशवी घ्यायला गेले आणि डोकं गरगरलं. एक पिशवी मोठ्या जातींसाठी, एक लांब केसांच्या मांजरांसाठी, एक घरातच राहणाऱ्यांसाठी, एक नसबंदी झालेल्यांसाठी. घटू या चारही खान्यांत बसतो. चार पिशव्या घेऊन कालवू का?

तर प्रश्न असे. पिल्लांचं खाणं कधी थांबवायचं? कुणी वर्ष सांगतं, कुणी दोन वर्षं. मोठ्या जातीचं म्हणून जे विकतात त्यात खरंच काही वेगळं असतं का? आणि कोरडं की ओलं?

सासूबाई आणि नवरा, दोघांच्याही मते तो रोडावलाय. एरवी या दोघांचं कशावरही एकमत होत नाही, म्हणून जास्त काळजी वाटतेय.

तिरकस
नाव घटोत्कच ठेवलंत आणि वर खाण्याचं विचारताय? गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडी हाकणारा माणूस.

शंकासुर
तिरकस, तो बकासुर. घटोत्कच भीमाचा मुलगा. अर्थात भूक वडिलांवर गेली असेल तर हिशेब तोच येतो.

बोकोबा
माझ्याकडे दोन रॅगडॉल (हीही मोठ्या चणीची जात) होते, एक अकरा वर्षांचा होऊन गेला, दुसरा अजून आहे. अनुभवावरून सांगतो, पिशवीच्या पुढच्या बाजूला बघूच नका. ती बाजू चित्रकाराची. पिशवी उलटी करा.

मागे तीन गोष्टी शोधायच्या. 'परिपूर्ण आणि संतुलित' असं लिहिलंय का. ते कोणत्या वयासाठी, वाढीच्या की प्रौढ, की सगळ्या. आणि १०० ग्रॅममध्ये किलोकॅलरी किती. तिसरी गोष्ट नसेल तर मी ती पिशवी जागेवर ठेवतो. एकदा उन्हाळ्यात मी तिन्ही न बघता पिशवी आणली होती. नाव भारदस्त, चित्रात हिमशिखर. निघालं 'पूरक खाद्य', म्हणजे खाऊ! दीड महिना मी बोक्याला जेवण म्हणून खाऊ घालत होतो.

रेवती_क
+१. ही पूरकची गंमत ओल्या खाण्याच्या छोट्या डब्यांत फार. नुसते माशाचे तुकडे आणि रस्सा. मांजर तुटून पडतं आणि आपल्याला वाटतं जेवलं.

मुकाजीव
मी जनावरांचा डॉक्टर आहे, पण घटूला हात लावून पाहिलेलं नाही, तेव्हा हे तपासणीऐवजी धरू नका.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घोळ तिथून होतो. कुत्र्यांत दोन किलोपासून ऐंशी किलोपर्यंतची चण असते. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला कॅल्शियम आणि कॅलरी जास्त झाल्या तर हाडं आणि सांधे बिघडतात, म्हणून आफ्को या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेच्या निकषांत मोठ्या कुत्र्यांच्या वाढीसाठी वेगळी अट आहे. मांजरांत तसं काही नाही. तिथे दोनच रकाने: वाढ व प्रजनन, आणि प्रौढ. कोरड्या वजनावर (म्हणजे पाणी वगळून) प्रथिनं पहिल्यात किमान ३० टक्के, दुसऱ्यात २६. 'मोठ्या जातीचं मांजर' हा रकाना पोषणशास्त्राचा नाही, विक्रीचा आहे.

म्हणजे त्या पिशव्या वाईट असं नाही. त्यातला खरा फरक बहुतेक वेळा दाण्याचा आकार हा असतो. मेन कूनचा जबडा चौकोनी आणि मोठा. बारीक दाणे तो न चावता गिळतो आणि काही जण पाच मिनिटांत गालिच्यावर परत करतात. मोठा दाणा चावावा लागतो, वेग कमी होतो. घटू ओकत नसेल तर तेवढंही कारण उरत नाही.

पिल्लांचं खाणं. मेन कूनची पूर्ण वाढ तीन ते पाच वर्षं चालते, रॅगडॉलची साधारण चार. पण म्हणून चार वर्षं पिल्लाचं खाणं द्यायचं नाही. वाढीचा मोठा भाग पहिल्या वर्षा-दीड वर्षात उरकतो, नंतर हळूहळू भरतात. या जातींना मी पंधरा ते अठरा महिन्यांच्या आसपास प्रौढांच्या खाण्यावर आणायला सांगतो. अट एकच: नसबंदी झाली की मोजून द्यायचं. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते. साधारण पाव हिस्सा ते ३० टक्के कमी लागतं. वाडगा कायम भरलेला असणं हे तुमच्या धाग्यातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य.

आता 'रोडावलाय' याबद्दल. लांब केसांचं मांजर डोळ्यांनी पाहायचं नसतं, हातांनी पाहायचं. आपली मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताचं बोट बोटांच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या तशा टोचत असतील तर रोड. आता तोच हात सपाट पसरा, बोटं मागच्या बाजूने चाचपा. हाड लागतं, पण वर पातळ अस्तर आहे. बरगड्या अशा लागल्या तर उत्तम. तळहात उलटा करून आतली बाजू दाबा. तसं लागलं तर तो रोड नाही. पोटाखाली मागच्या पायांपाशी लोंबती कातडी असते, तिच्यावरून लठ्ठ ठरवू नका. ती मांजरांना निसर्गतःच असते.

बटवा
डॉक्टर, हात फिरवून पाहिलं. माझ्या मांजरीचा तळहात लागला. स्वतःच्या बरगड्यांवरही फिरवून पाहिला. धागा बंद करते.

तिरकस
बटवाकाकू, मूठ आवळल्यावरही ज्यांना उंचवटे लागत नाहीत त्यांनी काय करायचं?

हिशेबनीस
मोजून म्हणजे किती, हे कुणीच सांगितलं नाही म्हणून हिशेब मांडतो. विश्रांतीत लागणारी ऊर्जा = ७० गुणिले वजनाचा पाऊण घात. पाऊण घात ऐकून पळू नका, साध्या कॅल्क्युलेटरवर जमतो. वजन तीनदा एकमेकांत गुणा आणि वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा.

घटू: ६.४ × ६.४ × ६.४ = २६२.१. वर्गमूळ १६.१९. पुन्हा वर्गमूळ ४.०२. गुणिले ७० म्हणजे साधारण २८२ किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या प्रौढाला याच्या १.२ पट, म्हणजे ३३८. घटू अजून थोडा वाढतोय म्हणून १.४ पट धरली तर ३९४. थोडक्यात ३४० ते ३९५ च्या मध्ये.

एक गंमत बघा. साध्या चार किलोच्या मांजराला हेच गणित १९८ देतं. आठ किलोच्याला ३३३. वजन दुप्पट, गरज दुप्पट नाही, १.७ पट सुद्धा नाही. 'माझं मांजर दुप्पट मोठं म्हणून दोन वाट्या' इथेच फसतं.

मुकाजीव
हिशेबनीस, मांडणी बरोबर. फक्त हा आकडा सुरुवातीचा. सारख्याच वजनाच्या दोन मांजरांत गरजेचा फरक ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दोन-तीन आठवडे द्या, वजन करा, बरगड्या चाचपा, मग दाणे वर-खाली करा. आणि खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्याच्या आत.

रानवारा
सगळे पिशव्यांवरच का अडलेत? मांजर हा शिकारी प्राणी. जंगलात कुणी त्यांना दाणे टाकत नाही. मी माझ्या नॉर्वेजियन फॉरेस्ट जातीच्या मांजराला पहिल्यापासून कच्चं मांस देतो. केस बघाल तर आरशासारखे, शी कमी आणि वास नाही. बाकी सगळा कंपन्यांचा धंदा.

अबोली_१२
रानवारा, राग मानू नका, पण मीही असंच बोलायचे. माझं पहिलं पिल्लू, पाच महिन्यांचं. सगळ्यात चांगलं द्यायचं म्हणून फक्त हाडं काढलेलं स्वच्छ मांस. आवडीने खायचं. मग खेळायचं थांबलं. उचललं की ओरडायचं. मला वाटलं लाडावलंय. एक दिवस खुर्चीवरून उतरलं, खुर्चीवरून हो, कपाटावरून नाही, आणि मागचा पाय मोडला. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट की मला आधी वाटलं फोटोच नीट आला नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही, मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. खाणं बदललं, पिल्लू वाचलं, पण कमरेत वाकडं राहिलं ते कायमचं. ज्या वयात हाडं वाढतात त्या वयात मी ती पोखरली.

मुकाजीव
अबोली यांच्या पिल्लाचा आजार दुर्मीळ नाही. मांसात कॅल्शियम एक भाग तर फॉस्फरस पंधरा-वीस भाग. हवं असतं एकास एक किंवा कॅल्शियम किंचित जास्त. जंगलातलं मांजर मांस खात नाही, उंदीर खातं. उंदरासोबत हाडं, काळीज, यकृत, आतडी सगळं येतं. मेन कूनसारख्या दीर्घकाळ वाढणाऱ्या जातीत ही चूक जास्त महाग पडते.

उलट टोकही आहे. कुणीतरी सांगतं यकृत पौष्टिक, म्हणून रोज यकृत. 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके एकमेकांना जोडले गेलेली मांजरं मी पाहिली आहेत. मान वळवता येत नाही, अंग चाटता येत नाही.

रानवारा
मी हाडं दळून घालतो, यकृत मोजून. आहारतज्ज्ञाकडून पाककृती घेतलीय. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

रेवती_क
मग ते आधीच लिहायचं होतं ना. 'कच्चं मांस देतो' वाचून कुणीतरी उद्या तुकडे टाकेल.

रानवारा
मान्य. वरच्या प्रतिसादात लिहायला हवं होतं.

शंकासुर
शिवाय जंतूंचं काय? २०२४ च्या शेवटी अमेरिकेत कच्च्या मांसाच्या तयार खाण्यातून बर्ड फ्लू होऊन मांजर दगावल्याचं निदान झालं होतं. गोठवलेलं म्हणजे निर्जंतुक नव्हे.

मनमौजी
बाजूला एक बाळबोध प्रश्न. मांजर शाकाहारी करता येतं का? मला स्वतःला मांस हाताळणं नको वाटतं.

तिरकस
ससा पाळा.

हिशेबनीस
तिरकस यांचं उत्तर छोटं आहे पण चूक नाही. मांजराला टॉरिन (एक अमिनो आम्ल), अरॅकिडॉनिक आम्ल (एक स्निग्धाम्ल) आणि तयार 'अ' जीवनसत्त्व खाण्यातूनच लागतं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून आपण 'अ' बनवतो, मांजर बनवू शकत नाही. गोड चवही त्यांना कळत नाही, त्या चवीचं एक जनुकच निकामी आहे.

शमा
टॉरिनचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. माझा मेन कून सहाव्या वर्षी गेला, हृदयविकाराने. रात्री खेळला, सकाळी उठला नाही. तेव्हापासून मनात आहे की माझ्या खाण्याने गेला. मी सहा वर्षं एकच साधी पिशवी दिली, भारीतली नाही. नंतर वाचलं की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय जातं. निशिगंधा, तू टॉरिनचा आकडा बघूनच घे गं. माझ्यासारखं करू नकोस.

मुकाजीव
शमाताई, यात दोन वेगळे आजार मिसळलेत आणि तुम्ही ज्याचं ओझं वाहताय तो बहुधा तुमचा नाही.

टॉरिन कमी पडून जो होतो त्यात हृदयाच्या भिंती पातळ होतात आणि ते फुग्यासारखं ताणतं. १९८७ साली पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी तो संबंध दाखवला. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. परिपूर्ण म्हणून विकलेल्या साध्यातल्या साध्या पिशवीतही टॉरिन घालावंच लागतं.

मेन कूनमध्ये जो आढळतो त्यात उलट होतं, भिंती जाड होतात. तो आनुवंशिक. त्याला कारण असलेला जनुकदोष २००५ साली मेन कूनमध्ये सापडला, २००७ साली त्याच जनुकात दुसऱ्या ठिकाणी रॅगडॉलमध्ये. रक्ताची किंवा गालाच्या आतल्या लाळेची चाचणी होते, सोनोग्राफीने हृदय पाहता येतं. खाण्याने तो होत नाही आणि खाण्याने थांबतही नाही. रात्री खेळून सकाळी न उठणं हे त्याचं अगदी ओळखीचं रूप आहे. तपासणीशिवाय मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तुमच्या पिशवीने तो गेला असं मला वाटत नाही.

शमा
चार वर्षं झाली. हे कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

बटवा
शमा, काळजी घे गं.

बोकोबा
निशिगंधाताई, घटूच्या हृदयाची सोनोग्राफी एकदा करून घ्या. पिशवी निवडण्यात जितका वेळ जातोय त्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

अडगळ
विषयांतर करतो. घटू नक्की मेन कून आहे ना? माझ्या मेहुणीने 'शंभर टक्के मेन कून' म्हणून पिल्लू घेतलं. कागदपत्रं नंतर देतो म्हणाला तो नंतर कधी आलाच नाही. मेहुणीने मोठ्या जातीची पिशवी, मोठं भांडं, शी-लघवीसाठी मोठी मातीची पेटी, सगळं मोठं आणलं. मांजर साडेतीन किलोवर उंचीने थांबलं. तिला वाटलं खाणं कमी पडतंय. वाढवत गेली. आता ते साडेपाच किलोचं आहे आणि उंची तेवढीच. टेबलाच्या घडीव पायांवर ठेवलेली उशी दिसते तसं दिसतं.

तिरकस
खाऊन मेन कून होता आलं असतं तर मी कधीच झालो असतो.

निशिगंधा
कागदपत्रं आहेत, आईबाप दोघांना पाहिलंय. बाप दारात आडवा झोपला होता, ओलांडून जावं लागलं.

शंकासुर
लांबीचा विक्रम मेन कूनकडेच असायचा. स्ट्युई नावाचा होता, १२३ सेंटिमीटर, २०१० साली गिनेसमध्ये. वजनाचा विक्रम मात्र साध्या पट्ट्यांच्या बोक्याचा. ऑस्ट्रेलियातला हिमी, २१.३ किलो, हातगाडीवरून न्यावा लागायचा. १९८६ साली दहाव्या वर्षी श्वास कोंडून गेला. पुढे गिनेसने तो प्रकारच बंद केला, लोक मुद्दाम चारायला लागतील म्हणून. म्हणजे मोठं मांजर आणि जड मांजर हे दोन वेगळे विक्रम आहेत.

रेवती_क
शंकासुर, ते शेवटचं वाक्य धाग्याच्या माथ्यावर टाका कुणीतरी.

मला तिसऱ्या प्रश्नावर बोलायचंय, तो मागेच पडला. ओलं खाणं द्या. सगळं नाही, पण द्या. माझा बोका निव्वळ कोरड्यावर होता. एका संध्याकाळी पेटीत गेला, बसला, बाहेर आला. पुन्हा गेला. मला वाटलं बद्धकोष्ठ. रात्री बाथरूमच्या फरशीवर बसला, मग माझ्या चपलेवर. एक थेंब नाही. सकाळपर्यंत थांबूया म्हणाले घरचे. मी थांबले नाही, एवढंच नशीब. मूत्रनलिका बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर हाती काही नसतं. बोके असलेल्या सगळ्यांनी हे वाचा: लघवीला बसतोय आणि येत नाही, ही सकाळची नाही, त्याच क्षणाची गोष्ट.

मुकाजीव
रेवती यांनी शेवटच्या वाक्यात जे लिहिलंय ते जसंच्या तसं खरं.

मांजरांचे पूर्वज वाळवंटी. तहान त्यांना फार लागत नाही, पाणी शिकारीतूनच मिळवायची सवय. कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्यात पंचाहत्तर ते ऐंशी. कोरड्यावरची मांजरं वर पाणी पितात, पण ती तूट पूर्ण भरत नाही. कोरडं खाणं म्हणजे विष असंही नाही, त्यावर सोळा-सतरा वर्षं जगलेली मांजरं माझ्याकडे येतात. पण बोका, नसबंदी झालेला, घरातच असलेला आणि वजन वाढतं, असं असेल तर मी ओलं मिसळायला सांगतोच.

मनमौजी
पण ओल्याच्या डब्यावर प्रथिनं १० टक्के आणि कोरड्यावर ३४. मग ओलं निकृष्ट नाही का?

हिशेबनीस
पाणी वजा करा. ओल्यात ७८ टक्के पाणी, उरलं २२. त्या २२ मधले १० म्हणजे ४५ टक्के. कोरड्यात पाणी १०, उरलं ९०, त्यातले ३४ म्हणजे ३८ टक्के. डबा जिंकला.

पिष्टाचा आकडा सहसा छापत नाहीत, तोही काढता येतो. शंभरातून प्रथिनं, स्निग्ध, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि पाणी वजा करा. ३४, १४, ४, ८, १० वजा केले तर ३० उरतात. 'धान्यविरहित' लिहिलेल्या पिशवीवरही करून बघा. गहू-तांदूळ काढून वाटाणा आणि बटाटा घातलेला असतो, उत्तर बऱ्याचदा तेवढंच येतं.

बोकोबा
नावांचीही गंमत सांगतो. अमेरिकेच्या नियमात डब्यावर 'चिकनसह' असेल तर ३ टक्के चिकन पुरतं. 'चिकन डिनर' म्हटलं तर २५. 'चिकन चवीचं' असेल तर टक्क्यांची अटच नाही, चव ओळखू आली की झालं. आणि 'प्रीमियम' या शब्दाला कसलीच व्याख्या नाही.

तिरकस
म्हणजे मी स्वतःला प्रीमियम सदस्य म्हणवून घेऊ शकतो.

बटवा
वाडगा उथळ आणि रुंद घ्या हो मात्र. मिशा टेकल्या की काही मांजरं अर्धवट सोडून जातात. माझी तरी जाते. आणि पाणी खाण्याच्या शेजारी नको, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, मी हलवलं तर जास्त प्यायला लागली.

शंकासुर
मिशांना त्रास होतो हे नीटसं सिद्ध झालेलं नाही, काकू.

बटवा
मांजरीला सांगा.

अडगळ
केसांच्या गोळ्यांसाठीचं खाणं घ्यावं का? लांब केस म्हणजे तो त्रास आलाच.

रेवती_क
त्यात तंतू जास्त असतात, थोडा फायदा होतो. पण रोज विंचरल्याने जो फरक पडतो तो पिशवीने पडत नाही. कंगव्यातला गोळा पाहिला की कळतं हे सगळं पोटात जाणार होतं.

*(तीन आठवड्यांनंतर)*

निशिगंधा
धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, आणि आता कबुली.

पहिल्याच रात्री घटूला मांडीवर घेऊन डॉक्टरांनी सांगितल्यासारख्या बरगड्या चाचपल्या. तळहात. स्पष्ट तळहात. नवऱ्यालाही चाचपायला लावलं. तो म्हणाला, 'केस जाड आहेत.' मग घटूला अंघोळ घातली. (त्याची वेगळी कथा आहे, हातावरच्या ओरखड्यांसह.) भिजल्यावर वरून पाहिलं तर कंबर नावाची गोष्टच नव्हती, सरळ नळकांडं.

मग वाडगा. मी रात्री एक माप घालत होते, तेवढंच मला ठाऊक. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घेतला, दिवसभर जो कुणी घालेल त्याने आधी तोलायचं असं ठरवलं. संध्याकाळी बेरीज केली. नवरा सकाळी कामाला जाताना घालतो. सासूबाई दुपारी घालतात, कारण 'वाडग्याचा तळ दिसत होता'. मी रात्री. तिघांनाही वाटत होतं की आपण एकटेच घालतो. १२८ ग्रॅम. पिशवीवर १०० ग्रॅमला ४१० किलोकॅलरी. म्हणजे ५२५! आणि हिशेबनीस यांचा आकडा जास्तीत जास्त ३९४. ज्या दोघांचं त्याच्या रोडावण्यावर एकमत होतं, तेच दोघे चोरून भरत होते. खरं तर चोरूनही नाही, प्रेमाने.

आता पिल्लांचंच खाणं चालू आहे, पण ६० ग्रॅम. शिवाय १७० ग्रॅमचा एक ओला डबा, त्यावर १०० ग्रॅमला ८० किलोकॅलरी लिहिलंय. एकूण ३८२ होतात. दोन्ही मिळून चार वेळा. अठराव्या महिन्यापर्यंत हेच, मग दहा दिवस थोडं थोडं मिसळत प्रौढांचं. चारही पिशव्या दुकानातच राहिल्या.

मुकाजीव
उत्तम. एकच, त्याचं वजन उतरवायच्या मागे लागू नका, अजून तो वाढतोय. फक्त वेग थांबवायचा. आणि कधी त्याने दोन दिवस तोंडच लावलं नाही तर वाट बघू नका. जाड मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते, ते दुखणं जिवावर बेतू शकतं.

निशिगंधा
वजन ६.४५. डॉक्टर, पहिले चार दिवस ओलं वाढलं की तो शेजारची फरशी पंजाने खरवडायचा, पेटीत माती ओढतात तसा. अपमान वाटला हो.

बोकोबा
फ्रिजमधून काढून थेट देत होता का? कोमट करा. अंगाच्या उष्णतेइतकं. वास उठला की खातात.

निशिगंधा
तेच केलं पाचव्या दिवशी, आपोआप सुचलं. आता झाकण उघडल्याचा आवाज आला की दारात उभा. हृदयाची सोनोग्राफीही झाली, सध्या भिंती ठीक आहेत, दरवर्षी करायची आहे. शमाताई, तुमच्यामुळे केली.

शमा
घटूला माझ्याकडून एक गुदगुली.

तिरकस
आणि सासूबाई? त्यांना ६० ग्रॅम पटलं?

निशिगंधा
नाही पटलं. पण काट्याशेजारी त्यांनी एक वही ठेवलीय आणि दुपारचा वाटा त्याच तोलतात. आजची नोंद: 'दु. १.१०, १५ ग्रॅम. वर दोन दाणे, तोंडाकडे बघवेना म्हणून.'